‘देवाने तुला आमच्याकडे पाठवले’ : पुण्यातील एका दत्तकपूर्व तयारी वर्गाविषयी

गेल्या पावसाळ्यात माझी लेक, जावई आणि आम्ही दोघे म्हातारे अशा चौघांनी मिळून पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा दत्तकपूर्व तयारी वर्ग पूर्ण केला. लेक-जावई न्यू जर्सीत राहतात, दोघेही अमेरिकेचे नागरिक आहेत आणि भारतातून मूल दत्तक घेण्याच्या प्रक्रियेत आहेत. त्यामुळे येणारे मूल आमच्यासारखेच मराठी बोलणारे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने हे आंतरदेशीय दत्तक ठरते. चार शनिवार, दर शनिवारी अडीच तास आणि दर कुटुंबामागे आठ हजार रुपये शुल्क, असे या वर्गाचे स्वरूप होते. एवढा वेळ आणि पैसा घालण्यासारखे त्यात काही आहे का, असे आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, दोन कुटुंबांनी मला उपासनेनंतर विचारले. तोंडी उत्तर देताना प्रत्येक वेळी काहीतरी महत्त्वाचे सांगायचे राहून गेले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

केंद्राचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. काही उणिवा मोकळेपणाने लिहायच्या आहेत, हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण असे की केंद्र, महिने आणि आमचे नाव एकत्र ठेवले, तर उद्या एखाद्या मुलाची ओळख त्यावरून सहज जुळवता येईल. मुलाची गोष्ट ही मुलाच्या मालकीची असते, हे याच वर्गात शिकले असताना ती येथे उघड करणे योग्य होणार नाही. ज्यांना असा वर्ग हवा असेल, त्यांनी आपला गृह अध्ययन अहवाल, म्हणजे दत्तकासाठी घराची आणि कुटुंबाची पाहणी करून लिहिलेला अहवाल, तयार करणाऱ्या समाजसेविकेकडे चौकशी करावी. पुण्यात या क्षेत्रात काम करणारी माणसे एकमेकांना ओळखतात.

आम्ही मराठी ख्रिस्ती. दत्तकाचा विषय आमच्या घरात नवा नाही, पण तो नेहमी कुजबुजीत राहिला. माझ्या आत्याने १९६० च्या दशकात एका तान्ह्या मुलीला घरी आणून वाढवले. त्या काळी हिंदूंना १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार मूल दत्तक घेता येत असे, परंतु ख्रिस्ती, मुसलमान आणि पारशी कुटुंबांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ ‘पालक’ होता येत असे आणि पाल्य सज्ञान झाले की ते नातेही कागदावर संपत असे. पुढे बाल न्याय कायद्याने हे अंतर मिटवले आणि २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्यानुसार मूल दत्तक घेता येते, हे स्पष्ट केले. माझ्या त्या आतेबहिणीला मात्र आपली हकीकत लग्न ठरण्याच्या सुमारास एका परक्या बाईच्या तोंडून कळली. आत्याने तिच्यावर जीव ओवाळून टाकला होता. सत्य सांगण्याचे धैर्य मात्र आत्याला कधी झाले नाही. लेकीने दत्तकाचा निर्णय कळवला, त्या रात्री मला झोप लागली नाही, ती त्या आतेबहिणीच्या आठवणीने. या वर्गाला मी आजी म्हणून गेले, ते मुख्यतः या एका कारणासाठी.

गटात पाच कुटुंबे होती. त्यांतील एक कुटुंब माळकरी होते, वारी न चुकवणारे. दुसरे एक जैन. वर्ग कोणत्याही एका धर्माचा नव्हता आणि समुपदेशिका बाईंनी स्वतःच्या श्रद्धेविषयी एक शब्दही उच्चारला नाही. तरीही श्रद्धाळू कुटुंबांच्या वाट्याला येणाऱ्या अडचणी त्यांना इतक्या नेमक्या ठाऊक होत्या की दुसऱ्या सत्रानंतर घरी परतताना आम्ही दोघे रिक्षात बराच वेळ काही बोललो नाही.

त्या सत्राविषयी सविस्तर सांगणे भाग आहे. प्रत्येकाला एक कागद देण्यात आला आणि मूल पाच वर्षांचे झाल्यावर त्याच्या जन्माविषयी त्याला जे पहिले वाक्य सांगाल, ते लिहा, असे सांगण्यात आले. मी लिहिले : देवाने तुला आमच्याकडे पाठवले. माळकरी आजोबांनी लिहिले होते की तू पांडुरंगाचा प्रसाद आहेस. बाईंनी दोन्ही वाक्ये सावकाश, मान राखून वाचली आणि विचारले, “हे ऐकून पाच वर्षांचे मूल पुढचा प्रश्न काय विचारील?” कोणी बोलेना. मग त्याच म्हणाल्या, “ते विचारील, मग देवाने मला माझ्या आईकडून का काढून घेतले?”

माझ्या आयुष्यात मी शेकडो वेळा ऐकलेले आणि म्हटलेले ते वाक्य त्या क्षणी मला पहिल्यांदा मुलाच्या कानांनी ऐकू आले. आमच्याकडे बायबलमधील रोमकरांस पत्रातील ‘दत्तकपण’ हा शब्द फार प्रेमाने उच्चारला जातो. देवाने आपल्याला लेकरे म्हणून स्वीकारले, तसे आपणही स्वीकारावे, हा त्यामागचा भाव खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. पण त्या शब्दाच्या उजेडात मुलाने काय गमावले, हे दिसेनासे होते. जन्मदातीचा आवाज, जिच्या कुशीत झोप लागायची ती शिशुगृहातील मावशी, शेजारच्या खाटेवरचे मूल, ताटलीचा ओळखीचा आवाज, आणि परदेशी जायचे असेल तर भाषासुद्धा. एवढे सारे एका विमानप्रवासात सुटते आणि वर त्या मुलाने आनंदी आणि कृतज्ञ असावे, अशी आपली अपेक्षा असते. बाईंनी ‘उपकार’ हा शब्द फळ्यावर लिहिला आणि तो आपापल्या घरात मुलाच्या संदर्भात कधीही उच्चारला जाऊ नये, असे सांगितले. मुलाला वाचवले, ही भावना आईबापांच्या मनात असेल, तर मूल हट्ट करील किंवा उलट बोलेल त्या दिवशी ती कडू होऊन बाहेर येते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

त्यांनी आमची श्रद्धा बाजूला ठेवायला सांगितले नाही, हे या वर्गाचे मोठेपण. उलट, तुमच्याच परंपरेत दुःखाला जागा कुठे आहे ते शोधा, असा गृहपाठ दिला. माळकरी आजोबांनी पुढच्या शनिवारी सांगितले की कृष्ण यशोदेचा झाला, म्हणून देवकीचे नाव कोणी पुसले नाही. तो देवकीनंदनही आहे आणि यशोदेचा कान्हाही. आम्हाला बायबलमधील मोशे आठवला, ज्याला फारोच्या मुलीने वाढवले, पण ज्याची बहीण नदीकाठच्या लव्हाळ्यांशेजारी उभी राहून त्याच्यावर नजर ठेवून होती. आणि मला आठवली स्तोत्रसंहिता, जिच्यात उपकारस्तुतीइतकाच विलापही आहे, जो आपण उपासनेत फारसा वाचत नाही. न्यू जर्सीहून पडद्यावरून वर्गाला जोडलेल्या लेकीने आपले नवे वाक्य वाचून दाखवले : तुझी एक आई होती, ती तुला वाढवू शकली नाही, त्याची सगळी कारणे आम्हाला माहीत नाहीत, तिच्यासाठी आपण दोघी रडू शकतो, आणि देव तेव्हाही तुझ्याजवळ होता. वाचताना तिचा आवाज दोनदा थांबला. माझे पहिले वाक्य मी त्यानंतर खोडले नाही, पण ते आता या वाक्यानंतर येते.

तिसरे सत्र आजी-आजोबांसाठी सर्वांत कठीण होते. शिशुगृहात मावश्या पाळ्यांनी काम करतात. मुलाला भरवणारा हात सकाळी एक असतो आणि रात्री दुसरा. अशा ठिकाणाहून आलेले मूल पुष्कळदा कोणाकडेही झेप घेते आणि आपण कौतुकाने म्हणतो, किती गोड, अजिबात परके मानत नाही. बाईंच्या मते हे कौतुकाचे नव्हे, लक्ष देण्याचे लक्षण आहे, कारण आपले माणूस आणि परके माणूस यांतला फरक त्या मुलाला अजून कळलेला नसतो. तो कळावा म्हणून पहिले काही महिने भरवणे, आंघोळ घालणे, झोपवणे आणि रडताना उचलणे हे फक्त आई-बाबांनीच करायचे. म्हणजे नातवंड समोर असताना आजीने हात मागे घ्यायचे. हे ऐकताना माझ्या शेजारी बसलेल्या जैन कुटुंबातील आजींनी पदर डोळ्यांना लावला, आणि माझीही अवस्था फार वेगळी नव्हती.

हाच नियम मंडळीलाही लागू होतो. आमच्याकडे रविवारी उपासना संपली की लहान मूल या हातातून त्या हातात जाते, कोणी पापा घेते, कोणी चॉकलेट देते. ते प्रेमच असते, पण नुकत्याच आलेल्या मुलाला त्या प्रेमाने नुकसान होऊ शकते. बाईंनी सुचवले की मूल येण्यापूर्वीच पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, भेटून हे समजावून सांगावे आणि मंडळीने मूल घेण्याऐवजी घरी डबा पोचवावा, कपडे धुऊन द्यावेत, आईला दोन तास झोपू द्यावे. लेकीच्या तिकडच्या मंडळीने ही यादी मागून घेतली आहे.

मुलाची गोष्ट साक्ष म्हणून, म्हणजे देवाच्या कृपेचा अनुभव म्हणून, सर्वांसमोर सांगण्याचा आमचा जो प्रघात आहे, त्यावरही चर्चा झाली. दत्तकाची साक्ष ऐकताना माणसांची मने भरून येतात, हे खरे. पण पुढे चर्चमधील मुलांच्या शब्बाथशाळेत तेच मूल बसणार असते आणि त्याच्या जन्माची कहाणी त्याच्याआधी सर्वांना पाठ झालेली असते. येथे मला माझी एक चूक नोंदवली पाहिजे. एका मुलाविषयीची पहिली माहिती आणि छायाचित्र लेकीला मिळाले, तेव्हा आनंदाच्या भरात मी ते आमच्या प्रार्थना-साखळीच्या व्हॉट्सअॅप गटात पाठवले. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते, हे मला नंतर कळले. शिवाय त्या मुलाशी लेकीच्या कुटुंबाची जुळणी पुढे सरकली नाही, आणि साठेक लोकांच्या फोनमध्ये एका परक्या मुलाचे छायाचित्र मात्र राहिले. मी प्रत्येकाला फोन करून ते पुसायला सांगितले. वर्ग आधी झाला असता, तर हे घडले नसते.

देणगीविषयीची सूचनाही प्रत्येक श्रद्धाळू कुटुंबाने ऐकावी अशी आहे. आमच्या मंडळीने संबंधित शिशुगृहासाठी उपकारस्तुतीचे अर्पण, म्हणजे देवाचे आभार म्हणून द्यायची देणगी, गोळा करण्याचे ठरवले होते. दत्तकाच्या प्रक्रियेत असलेल्या पालकांकडून विहित शुल्काखेरीज काहीही स्वीकारण्यास संस्थांना मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण मूल आणि पैसा यांच्यात कोणताही धागा राहू नये. आमचे अर्पण आम्ही दुसऱ्याच कामाकडे वळवले.

जावयाने एकदा विचारले की इतकी मुले वाट पाहत असताना आम्हाला का थांबवले जाते. त्यावर बाईंनी १९९३ च्या हेग कराराचा मूळ विचार सांगितला, ज्याला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली : मूल आधी त्याच्या जन्मकुटुंबात राहावे, ते शक्य नसेल तर त्याच्याच देशात त्याला घर मिळावे, आणि त्यानंतर परदेशातील कुटुंबाचा विचार व्हावा. आई-वडिलांनी मूल सोपवले, तर त्यांना फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत त्याचे कोणी सापडते का, याचा शोध घ्यावा लागतो. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ पूर्णपणे बंद केले, नेदरलँड्सने त्याच वर्षी ते टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. जुन्या काळात खोट्या कागदांवर मुले नेली गेली, हे अनेक देशांत उघड झाल्याने आता सारेच सावध झाले आहेत. आपली उशीर होण्याची तक्रार ही खरे तर कोणा आईला मिळालेली मुदत असू शकते, हे कळल्यावर जावयाने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. प्रतीक्षेचे महिने प्रार्थनेत काढताना कोणासाठी प्रार्थना करायची, हेही त्याने बदलले, असे लेक सांगते.

भाषेचा आणि वासाचा भाग छोटा होता, पण अतिशय उपयोगी. लहान वयात परदेशी गेलेले मूल आपली पहिली भाषा पाहता पाहता विसरते, आणि नवी भाषा अंगवळणी पडेपर्यंतच्या काळात त्याच्याजवळ दुखते-खुपते सांगायला कोणतीच भाषा नसते. म्हणून शिशुगृहात मुलाला ऐकू येणारी साधी वाक्ये आजीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून आई-बाबांनी पाठ करावीत, असे ठरले. चल, हात धुऊ. भूक लागली का? दिवा राहू दे का? मी इथेच आहे. अशी चाळीस वाक्ये मी फोनवर बोलून पाठवली आहेत. तिथून अंगावर आलेला फ्रॉक किंवा दुपटे पहिले काही आठवडे धुऊ नये, कारण त्याचा वास ही मुलाजवळची एकच जुनी ओळखीची गोष्ट असते. शिशुगृहात मऊ भात कसा करतात, तिखट किती घालतात, ते विचारून घ्यावे. उशीखाली पोळीचा तुकडा लपवलेला सापडला, तर रागावू नये. मुलाच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर चुरमुऱ्यांचा डबा ठेवावा आणि तो कधीही रिकामा होऊ देऊ नये.

आता उणिवा. कागदपत्रांचे सत्र कमकुवत होते आणि हातात दिलेल्या झेरॉक्स जुन्या होत्या. त्यांत दत्तकाचा आदेश न्यायालय देते, असेच छापलेले होते. वास्तविक २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला असून ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे, आणि त्याच महिन्यात नवे दत्तक नियमही आले. मी हे निदर्शनास आणल्यावर बाईंनी चूक मान्य केली, परंतु शेवटच्या शनिवारपर्यंत नवा कागद मिळाला नाही. या विषयात चुकीच्या माहितीमुळे कुटुंबाचे महिने वाया जाऊ शकतात, त्यामुळे ही उणीव किरकोळ मानता येत नाही. ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील नियम प्रत्येकाने स्वतः वाचावेत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की हेग करारांतर्गत तेथील पालकांना किमान दहा तासांचे प्रशिक्षण बंधनकारक असले, तरी पुण्यातील या वर्गाचे दहा तास त्यात धरले गेले नाहीत. लेक-जावयाला ते तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत वेगळे करावे लागले.

वैद्यकीय भागाला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांचे आकडे कसे वाचावेत, हे बालरोगतज्ज्ञांनी उत्तम सांगितले, पण अहवालात कोणती माहिती नसते आणि ती कशी मागावी, इथे येईपर्यंत वेळ संपली. यासाठी स्वतंत्र सत्र असायला हवे.

बाप्तिस्म्याविषयी मात्र माझा बाईंशी मतभेद आहे आणि तो मी त्यांना सांगितला. मुलाला स्थिर होऊ द्या, वर्षभर कोणताही समारंभ नको, असे त्या म्हणाल्या. समारंभ नको, हे मान्य. पाहुणे, केक, नवे कपडे, गर्दी यांतले काहीच नको. पण आमच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे समारंभ नव्हे. आई-बाबा, पाळकसाहेब आणि धर्ममाता-धर्मपिता एवढ्यांत तो शांतपणे होऊ शकतो, आणि केव्हा करायचा हे ठरवण्यापूर्वी कुटुंबाला त्याचा अर्थ विचारायला हवा होता. नाव बदलू नका, हा त्यांचा आग्रह मात्र मला सर्वस्वी मान्य आहे. मराठी ख्रिस्ती घरांत मराठी नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यामुळे मूल जे नाव घेऊन येईल, त्याच नावाने त्याचा बाप्तिस्मा होईल.

जागा पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. जिना अरुंद असल्याने ज्येष्ठांनी आधी कळवावे, म्हणजे खालच्या खोलीत सोय करतात, असे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळले. वेळ पुण्याची संध्याकाळी साडेसहा आणि न्यू जर्सीची सकाळी नऊ, ही सोयीची होती, परंतु पडद्यावरून जोडलेल्या कुटुंबांना खोलीतील आवाज नीट ऐकू येत नसे आणि पावसाचा जोर वाढला की मुळीच येत नसे. एक चांगला माइक घेतला, तर हा प्रश्न मिटेल. मूल आल्यानंतरच्या आधाराची सोय आहे, पण तिचे शुल्क वेगळे आहे आणि ते आधी स्पष्ट सांगितले जात नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलाचा पाठपुरावा अहवाल द्यावाच लागतो, तेव्हा त्या दोन वर्षांसाठी समुपदेशनही जोडून दिले, तर कुटुंबांना मोठी मदत होईल.

एवढ्या उणिवा असूनही हा वर्ग करावा, असेच मी त्या दोन्ही कुटुंबांना सांगितले आहे, आणि एकट्या पती-पत्नीने न जाता आजी-आजोबांना, शक्य झाल्यास एखाद्या आत्या-मावशीला सोबत न्यावे, असेही. कायद्याची माहिती अन्यत्र मिळू शकते. लाडके वाक्य मुलाच्या कानांनी ऐकायला लावणारे माणूस मला दुसरीकडे भेटले नव्हते.

माझ्या आतेबहिणीला मी या वर्गाविषयी फोनवर सांगितले. ती आता साठीच्या घरात आहे. तिने त्या चाळीस वाक्यांची यादी मागवून घेतली आणि दोन दिवसांनी स्वतःच्या हाताने एक्केचाळिसावे वाक्य लिहून पाठवले : तुला तिच्याविषयी काही विचारायचे आहे का? ते मी माझ्या आवाजात मुद्रित करून लेकीला पाठवले आहे.